सिव्हिलियनचा खांदा

काल, रविवारी, तुमचं तेरावं उरकल्यावर दुपारी म्हैसूरच्या विजयनगरातल्या तुमच्या घरी हिशोबाला बसलो. एकूण खर्च अठ्ठावीस हजार सातशे साठ रुपये. हजर: मामी, सुनंदा, तुमचा पुतण्या बाळू, तुमच्या पलटणीतले कॅप्टन जगताप आणि मी. अठ्ठावीस हजार सातशे तुमच्या काळ्या ट्रंकेत वेगळ्या बांधून ठेवलेल्या पैशांतून गेले, कारण तुमचा हुकूमच तसा होता. वरच्या साठ रुपयांवरून वाद झाला. तो मला तुमच्याशीच घालायचा आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मामा, तुमच्याशी भांडणं आता फार सोपं झालं आहे. माझं वाक्य अर्ध्यावर असताना तुम्ही हात वर करून "साकु" म्हणू शकत नाही. पुरे म्हणायचा हा तुमचा कन्नड शब्द मी सासुरवाडीत सगळ्यात आधी शिकलो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही जिवंत माणसांबद्दल त्यांच्या तोंडावर वाईट बोलत आलात, तेव्हा मला थोडी सूट मिळायला हरकत नाही.

सुनंदाला बघायला आलो तो दिवस आठवतो. तुमच्या घरात कुणी कुठे बसायचं याचा नियम होता आणि तो मला कुणी सांगितला नव्हता. फौजेतला माणूस आला, मग तो साधा शिपाई का असेना, की आतल्या वेताच्या खुर्चीवर. बाकी सगळं जग व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर. बँकेचे मॅनेजर बाकावर, सुनंदाच्या शाळेचे हेडमास्तर बाकावर. मी आणि माझा थोरला भाऊ सांगलीहून रात्रभर बसने आलेलो, आम्हीही बाकावर. मला वाटलं, उकडतंय म्हणून बाहेर बसवलं असेल. आत कुणी लान्सनाईक कॉफी पीत बसला होता. पंखा त्याच्यावर फिरत होता.

तुम्ही बाहेर आलात. भरतीला आलेल्या पोराला बघतात तसं मला वरून खाली पाहिलंत.

"फौजेत का नाही गेला?"

"जायचं नव्हतं," मी म्हणालो.

"घरचे नको म्हणाले?"

"नाही. मलाच जायचं नव्हतं."

भावाने माझ्या पायावर पाय दिला. तुम्ही "आयतु" म्हणालात, म्हणजे झालं, आणि आत निघून गेलात. परत जाताना भाऊ म्हणाला, हे स्थळ गेलं. आठवडाभराने तुमचा होकार आला. तो का आला, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तुम्हाला विचारायची सोय नव्हती आणि मी विचारणारही नव्हतो.

काल मामींनी सांगितलं. माझ्याआधी तिघे येऊन गेले होते. तिघांनाही तुम्ही हाच प्रश्न विचारला होता. एकाने चष्म्याचा नंबर सांगितला, दुसऱ्याने गुडघा, तिसरा म्हणाला आईला एकुलता एक आहे. मी गेल्यावर तुम्ही मामींना म्हणालात, "ते तिघं घाबरून खोटं बोलले. हा नालायक आहे, पण खरं बोलतो. दे ह्याला."

हे वाक्य मला तुमच्या तोंडून ऐकायला चाललं असतं. 'नालायक'सकट.

लग्नानंतर बाकावरून माझी बढती झाली. जेवणाच्या टेबलापर्यंत यायला परवानगी मिळाली, पण ती माझ्या नावावर नाही. कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "सुनंदाचा डिपेंडंट." फौजेत बायकामुलांना तसं म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी तेव्हा कारखान्याच्या हिशोब खात्यात होतो, घराचं भाडं देत होतो आणि तुमच्या मुलीचा डिपेंडंट होतो. तुमचे मित्र हसायचे. हाक मारायची तर "ओ सिव्हिल". नावाने एकदाही नाही. सुरुवातीला वाटलं, गंमत आहे, जाईल. ती जात नाही हे कळल्यावर मी ओ देणं बंद केलं, तर तुम्ही आवाज वाढवलात.

फौजी कँटीनचंही सांगतो, कारण त्यात तुम्ही बरोबर होतात आणि तेच मला जास्त लागलं. तुमच्या कार्डावर स्वस्तात मिळणारा माल निम्म्या विजयनगरात फिरायचा. तुमच्या ओळखीतले लोक रमच्या बाटल्या शेजाऱ्यांना विकायचे. तुम्ही कधी विकली नाहीत. मी एकदा मिक्सर आणाल का म्हणून विचारलं.

"कँटीनचा माल सिव्हिलियनच्या घरात जात नाही," तुम्ही म्हणालात.

"सुनंदाचंच घर आहे ते."

"सुनंदाने सिव्हिलियन केला. बाजारात जा, रांगेत उभा रहा, पूर्ण पैसे दे."

मी गेलो, उभा राहिलो, पूर्ण पैसे दिले. माझा धंदाच नियम पाळण्याचा, त्यामुळे नियमाबद्दल माझी तक्रार नाही. सवलत ज्याची त्यानेच घ्यावी. पण 'सिव्हिलियन' हा शब्द तुम्ही ज्या तोंडाने उच्चारायचात, त्या तोंडाने लोक चपलेला चिकटलेल्या गोष्टीचं नाव घेतात.

आणि मी नुसता सिव्हिलियन नव्हतो, बाहेरचाही होतो. तुमचे पूर्वज इथल्या महाराजांच्या घोडदळात बारगीर म्हणून आले, हे तुम्ही मला दर सणाला सांगितलंत. माझं मराठी तुम्हाला पेपरासारखं वाटायचं. मला तुमचं अर्धं कन्नड वाटायचं. एकदा पुरणपोळीच्या जेवणाला तुम्ही म्हणालात, "हे बाहेरून आलेले लोक इथं येऊन आम्हाला मराठी शिकवतात."

मी म्हणालो, "मामा, बाहेरून तुम्हीही आलात. तुम्ही घोड्यावर आलात, मी बसने आलो."

"घोड्यावरून येणारा तिकीट काढत नाही," तुम्ही म्हणालात.

मामी पदराआड हसल्या. मलाही हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. त्या दिवशी तुम्ही जिंकलात हे आज मान्य करतो.

खंडेनवमीला तुमच्या देवघरासमोर दोन पाट मांडले जायचे. पहिल्या पाटावर आजोबांची तलवार, तुमची टोपी, तुमची पदकं. दुसऱ्यावर विळी, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, सुनंदाचं शिलाई मशीन जवळ ओढून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी माझा कॅल्क्युलेटर तलवारीशेजारी ठेवला. मुद्दाम नव्हे. आमच्याकडे एकच पाट असतो, सगळी हत्यारं एकत्र. तुम्ही दोन बोटांनी तो उचललात, जसा कुणी मेलेला उंदीर उचलतो, आणि विळीपाशी नेऊन ठेवलात. मामींनी त्याला कुंकू लावलं. पुढे दरवर्षी मी तो पहिल्या पाटावर ठेवत आलो आणि तुम्ही दरवर्षी तो हलवत आलात. दोघांपैकी कुणीही एक अक्षर बोललं नाही. या दसऱ्यालासुद्धा हलवलात.

पण यातल्या कशाचाही मला खरा राग नाही. राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा.

तुम्ही घरातही मोजे घालून वावरायचात. मला वाटायचं, फौजी सवय. तुम्हाला पहिला झटका आला तेव्हा हॉस्पिटलात नर्सने मोजे काढले आणि मी पाहिलं, डाव्या पायाला दोन बोटं नव्हती. सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, बर्फात गेली, मी लहान होते, बाबा कधी बोलत नाहीत. तुम्ही घरी आल्यावर मी तुमच्याजवळ बसलो. भांडायला नव्हतो बसलो. विचारलं, "मामा, हे कसं झालं?"

"तुला काय कळणार?"

"सांगा, कळेल."

"सिव्हिलियनला सांगून काय करायचं? पेपरात छापणार?"

पुढच्याच रविवारी कॅप्टन जगताप आणि पुट्टस्वामी आले. हवालदार पुट्टस्वामी, हिनकलचे, तुमच्याच पलटणीतले. तिघे आत वेताच्या खुर्च्यांवर. मी बाहेर बाकावर सुनंदाची वाट बघत. आतून तुमचा आवाज येत होता, बर्फ, बूट, कुठलीशी रात्र, आणि मग तिघे इतके हसलात की पुट्टस्वामींना ठसका लागला. मी उठून दारापर्यंत गेलो. तुम्ही मला पाहिलंत आणि गप्प झालात. कॅप्टन जगताप म्हणाले, "बोला की साहेब." तुम्ही म्हणालात, "नंतर."

मी परत बाकावर येऊन बसलो. मामा, मी चाळिशी ओलांडलेला माणूस होतो. मला त्या गोष्टीत जागा नको होती, नुसती ऐकायची होती.

मग ते दूधवाल्याचं भांडण. जेवताना तुम्ही नेहमीप्रमाणे सुरू केलंत. सिव्हिलियनला शिस्त नाही, सिव्हिलियन झोपतो तेव्हा आम्ही जागतो. मी ताटावरून हात न उचलता सांगितलं की तुमची पेन्शन वेळेवर जमा करणारा कारकून सिव्हिलियन आहे. आणि सुनंदा जन्मली तेव्हा तुम्ही वर सीमेवर होतात. कळा सुरू झाल्यावर मामींना सायकल रिक्षात घालून हॉस्पिटलात कुणी नेलं? शेजारच्या दूधवाल्याने. तो जागाच होता.

तुम्ही ताटावरून उठलात. चार महिने माझ्याशी बोलला नाहीत. चार महिन्यांनी मी स्कूटर पुसत असताना मागे येऊन उभे राहिलात आणि काही संबंध नसताना म्हणालात, "दूधवाल्याला मी शाल दिली होती."

"चांगलं केलंत," मी म्हणालो. "बसवलं कुठे होतं?"

खोटं तुम्हालाही बोलता येत नव्हतं.

"बाकावर," तुम्ही म्हणालात.

आणि आत गेलात. तो वाद तिथेच आहे. तुम्ही परत येऊन आणखी एखादं वाक्य बोलाल, असं मी धरून चाललो होतो.

त्यानंतरचं तुमचं वाक्य म्हणजे हुकूम. गेल्या दिवाळीला, सगळे टेबलाशी असताना. "मी गेल्यावर गाडी नको. खांद्यावर न्यायचं. खांदा फौजी माणसाचा. सिव्हिलियनचा खांदा नको, सिव्हिलियनचा पैसा नको. पैसे ट्रंकेत बांधून ठेवलेत. अग्नी बाळू देईल." बाळू तुमचा पुतण्या, फौजेत हवालदार.

सुनंदाने पळी खाली ठेवली. "बाबा, हे इथंच बसलेत."

"म्हणून तर सांगतोय."

मी करंजी संपवली. चव आठवत नाही.

तुम्ही झोपेत गेलात. बाळू दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन पोचला. कॅप्टन जगतापांनी फोन केले. पलटणीतले म्हैसुरात उरलेत किती, तर चौघे आले, आणि चौघेही सत्तरीपुढचे. अंगणात तिरडी बांधून झाली तेव्हा सुनंदा मला स्वयंपाकघराच्या दारात ओढून घेऊन गेली.

"तुम्ही खांदा देणार ना?"

"हुकूम ऐकलास ना तू."

"मला भाऊ नाही. बाळू मडकं धरून पुढे चालणार. माझ्या घरातला एक तरी खांदा असू दे बाबांखाली."

"बोलावलं तर जाईन," मी म्हणालो. "बोलावल्याशिवाय नाही जायचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही दोघे सारखेच आहात," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या तोंडून याच्याइतकं कडू मी काही ऐकलेलं नाही.

निघताना कॅप्टन जगतापांनी चौघांना हुद्द्याप्रमाणे लावलं. ज्येष्ठ म्हणून स्वतः पुढे उजवीकडे. ते चौघांत सगळ्यात बुटके. पुट्टस्वामी सगळ्यात उंच, पण हवालदार म्हणून मागे डावीकडे. तिरडी पुढून उजवीकडे कलली. कुणी उंचीप्रमाणे लावा म्हणालं नाही, कारण म्हणणारे सगळे सिव्हिलियन होते. बँक मॅनेजर होते, हेडमास्तर होते, दूधवाल्याचा मुलगा होता. आम्ही मागून चाललो. तूप, कापूर, चंदनाचे तुकडे यांची पिशवी माझ्याकडे होती.

"लेफ्ट," कॅप्टन म्हणाले, आणि चौघांची पावलं एकदम पडायला लागली.

मामा, फौजेत शिकवलेली पावलं माणूस म्हातारपणीही विसरत नाही, पण तिरडी अशी नेत नाहीत. चौघांचे डावे पाय एकदम पडले की बांबू एकदम दबतात, उजवे पडले की एकदम उसळतात. तुम्ही वर उडत होतात. गळ्यातले हार उडत होते. एक झेंडूचा हार सरकत सरकत रस्त्यावर पडला. आमच्या गावात देवाच्या पालखीचे भोई असतात. ते कधी पाऊल जुळवत नाहीत. एकाचा पाय उचलला की दुसऱ्याचा टेकलेला, म्हणून देव हलत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी ते सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. पिशवी घेऊन मी तुम्हाला उडताना बघत चाललो, आणि खरं सांगायचं तर मनात म्हणत होतो, बघा, ही तुमची शिस्त.

हुणसूर रस्त्याला लागल्यावर करंजाच्या झाडाखाली विसाव्याला तिरडी टेकवली. पाणी फिरवून झालं. खांदे बदलून उचलायची वेळ आली तेव्हा पुट्टस्वामी उठेनात. गुडघा धरून बसले होते. दोघांनी हात दिला, उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले.

एक बाजू रिकामी राहिली. तीन कोपऱ्यांना तीन म्हातारे आणि चौथा कोपरा जमिनीला. मागे हुणसूरची बस येऊन थांबली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. कॅप्टन जगताप त्याच्याकडे वळून म्हणाले, "सिव्हिलियन," आणि मग जमलेल्यांकडे बघून त्यांनी कन्नडमध्ये आणि मराठीत विचारलं, कुणी माजी सैनिक आहे का? स्टेशनावर डॉक्टर आहे का विचारतात तसं. कुणी नव्हतं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे पाहिलं.

मी हलणार नव्हतो. सुनंदाचा चेहरा डोळ्यासमोर होता, तरी हलणार नव्हतो. बस परत ओरडली.

"ओ सिव्हिल," पुट्टस्वामी खालून म्हणाले. अगदी तुमच्याच सुरात. "बा, ये इकडे. धर."

"पुट्टस्वामी," कॅप्टन म्हणाले, "हुकूम आहे साहेबांचा."

"साहेब झोपलेत," पुट्टस्वामी म्हणाले. "उठले की मी सांगतो त्यांना."

कॅप्टन जगताप तुमच्याकडे बघत उभे राहिले. तुम्ही काही आक्षेप घ्याल म्हणून थांबले असावेत. मग म्हणाले, "ठीक. टेम्पररी ड्युटी."

पिशवी दूधवाल्याच्या मुलाकडे दिली आणि मी खांदा लावला. "लेफ्ट," कॅप्टन म्हणाले. मला ते जमलं नाही. जमवायचा प्रयत्नही केला नाही, मी भोयांसारखा चाललो. सुरुवातीला पुढून शिव्या आल्या. थोडं गेल्यावर थांबल्या. तिरडी उसळायची थांबली होती. तिघांची पावलं माझ्या चुकलेल्या पावलात अडखळून शेवटी मोडली आणि तुम्ही हिनकलच्या बाजूच्या त्या स्मशानापर्यंत सपाट, न हलता गेलात. मामा, तुम्ही जड होतात. इतका वेळ तुमच्या इतक्या जवळ मी कधी नव्हतो. तुमचे पाय माझ्या कानाशी होते. मोजे घातलेले होते, मामींनी आठवणीने घातले होते.

पुट्टस्वामींना मी विसाव्यापाशी एका रिक्षात बसवलं होतं. ते आमच्या मागून आले आणि अग्नी दिल्यावर त्याच रिक्षाने घरी गेले. रिक्षावाल्याचे साठ रुपये मी खिशातून दिले. तिथे ट्रंक नव्हती.

चिता पेटल्यावर मी कॅप्टन जगतापांना विचारलं. "त्यांची बोटं कशी गेली?"

ते ज्वाळांकडे बघत होते. "साहेबांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"मग मी कसं सांगू," ते म्हणाले. "ते आमच्यातलं आहे."

मला वाटलं होतं, खांदा दिल्यावर तरी कळेल. नाही कळलं. तुम्ही लोक मेल्यावरही एकमेकांच्या तोंडावर हात ठेवता. हे मी माफ केलेलं नाही, आणि तुम्ही आता सांगू शकत नाही म्हणून करणारही नाही.

तेराव्याला पुट्टस्वामी काठी टेकत आले आणि थेट बाकावर, माझ्याशेजारी बसले. मामी म्हणाल्या, आत या की, खुर्ची आहे. ते म्हणाले, गुडघ्याला बाक बरा. जेवण होईपर्यंत आम्ही दोघे तिथेच होतो. तुमच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण तो उठायला आधार म्हणूनही असेल. मी जास्त अर्थ लावत नाही.

ते गेल्यावर हिशोब. मामींनी ट्रंकेतल्या गाठोड्यातून साठ रुपये काढून माझ्यासमोर ठेवले.

"घ्या. त्यांनी सांगून ठेवलंय नव्हे, सिव्हिलियनचा पैसा नको म्हणून. ते गेले म्हणून हुकूम गेला काय?"

"राहू द्या, मामी."

"सुम्ने, उगाच कशाला हट्ट? साठ रुपयांसाठी."

बाळू म्हणाला, मी देतो. कॅप्टन जगताप म्हणाले, "असं करा. टेम्पररी ड्युटीवरच्या माणसाला भत्ता मिळतो. भत्ता म्हणून घ्या, मग हुकूमही मोडत नाही." त्यांनी हे फार प्रेमाने सुचवलं. हिशोबात ते बसलंही असतं.

सुनंदा माझ्याकडे बघत होती, त्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात बघत होती तशी.

"भत्ता टेम्पररी ड्युटीला असतो," मी म्हणालो. "मी त्यांचा जावई आहे."

मामींनी साठ रुपये परत गाठोड्यात बांधले. येत्या खंडेनवमीला पहिल्या पाटावर माझा कॅल्क्युलेटर ठेवणार आहे. हलवायला कुणी येणार नाही. तेवढं मला जड जाईल.

हुकूम मोडला आहे, मामा. तुमच्या मयतात एक सिव्हिलियनचा खांदा गेला आणि सिव्हिलियनचा पैसाही गेला. पुट्टस्वामींनी तुम्ही उठल्यावर सांगतो म्हटलं आहे, पण मला उशीर नको, म्हणून मीच कळवतो.

शेवटी दिले: साठ रुपये, हुणसूर रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याला, हवालदार पुट्टस्वामींना स्मशानात आणि तिथून घरी पोचवल्याबद्दल. देणारा, तुमचा जावई. परत घेतलेले नाहीत.